टोचलेल्या कागदावरचं पाखरू

व्हेल्डा मिकेल्सनचे टाके इंचाला दहा पडतात आणि तिची नणंद आर्डिथ हिचे पाच. मी फूटपट्टी लावून पाहिलंय, एकदा नाही, तीनदा. मोजायची मला खोडच आहे. कोणाच्या बटाट्यांत चीज कमी पडलं, कोण प्रार्थनेला किती मिनिटं उशिरा आलं, हे माझ्या डोक्यात आपोआप टिपलं जातं. चर्चच्या भगिनी मंडळातल्या बायका म्हणतात, लुडीनला विचारा, तिला ठाऊक असेल. माझ्यासमोर म्हणतात तेव्हा कौतुकानेच म्हणतात.

तर इंचाला पाच. आमच्या पिजन क्रीक गावात गोधडी चौकटीवर ताणली की चारी बाजूंनी दहा-बारा बायका बसतात. हात चालतो, तोंड त्याहून जास्त चालतं. दुपारी चारला सगळ्या आपापली भांडी उचलून घरी जातात. मग घरची बाई खिडकीचा पडदा ओढते, छोटी कात्री काढते आणि ज्यांचे टाके मोठे पडलेत त्यांचे उसवून स्वतः पुन्हा घालते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीही बोलत नाही. व्हेल्डाकडे उसवायला मी मदतीला असायची. आर्डिथचे टाके मी किती वेळा उसवले तो आकडाही माझ्याकडे आहे, पण तो मी सांगणार नाही.

आर्डिथला हे कळत होतं. भांडणतंटा काही केला नाही तिने. एक दिवस चौकटीवरून उठली आणि बुधवारच्या वहीवाल्यांत जाऊन बसली.

या वहीवाल्या दर बुधवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत जमतात. फोटो, रंगीत कागद, गोंद, नक्षीच्या कात्र्या. आमच्याकडे पोर लग्नाला उभं राहिलं किंवा धर्मप्रचाराच्या मिशनवर निघालं की त्याच्या हातात त्याच्या जन्मापासूनची स्क्रॅपबुक ठेवावी लागते, आणि एकेका घरात पोरं सात-आठ, त्यामुळे ही खोली कधी रिकामी राहत नाही. तिथे आर्डिथ कागद टोचायला शिकली. लाकडी मुठीची टोचणी, खाली फोमची गादी, वर जाड पांढरा कागद, आणि भोकाशेजारी भोक. पुढून टोचलं की नुसते ठिपके दिसतात. मागून टोचलं की पुढच्या बाजूला मिठाच्या खड्यांसारखे बारीक फुगवटे उठतात. आर्डिथ मागून टोचायची. नेच्याची पानं, गव्हाच्या ओंब्या, बाळाच्या टोपीची लेस, सगळं फुगवट्यांत. पान जरा तिरकं धरलं की नक्षी उजेडात उभी राहायची.

व्हेल्डा यावर म्हणाली होती, "भोकं काय, वाळवीसुद्धा पाडते."

हे आर्डिथपर्यंत कोणी पोचवलं असं विचाराल, तर मीच पोचवलं. मी काही भर घातली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

दोघींचं मूळ दुखणं वाळवीचं नव्हतं, एका कागदाचं होतं. आर्डिथची आई सोफ्रोनिया हिच्याकडे कडक तपकिरी कागदाचा एक नमुना होता. त्यावर सुईने भोकं पाडून वेलीचं भलंमोठं गोल कडं काढलेलं. कापडावर कागद ठेवायचा, वरून दालचिनीची पूड थोपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांनी वेल उमटलेली, आणि त्या ठिपक्यांवर धावदोरा. मिकेल्सनांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला याच वेलीची गोधडी. म्हातारीने जाण्याआधी तो नमुना लेकीला न देता सुनेला दिला. कारण उघड होतं, इंचाला दहा. त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून नणंद-भावजय वर्षाला चाळीसेक शब्द बोलतात, आणि त्यांतले निम्मे नाताळच्या जेवणात मीठ मागण्याचे असतात.

आता मंगळवार. शनिवारी व्हेल्डाच्या नातीचं, ब्रिनलीचं लग्न. गुरुवारी सकाळी गोधडी चौकटीवर चढायची होती. सकाळी नऊला व्हेल्डाचा फोन आला. "लुडीन, ये," एवढंच बोलली. मी केळ्याचा केक घेऊन गेले. असल्या फोनला रिकाम्या हाताने जाता येत नाही.

व्हेल्डा तळघरात पीचच्या बाटल्यांच्या फडताळासमोर उभी होती. तिचा नवरा रूलन पायरीवर बसला होता. रूलनने चाळीस वर्षं टर्की कोंबड्या पाळल्या. त्या विकून टाकल्यापासून तो घर आवरतो, आणि त्यापेक्षा टर्की बऱ्या होत्या असं व्हेल्डा म्हणते.

"सांग हिला," व्हेल्डा म्हणाली. "तुझ्या तोंडाने सांग."

"पाहुणे येणार म्हणून तळघर झाडलं," रूलन म्हणाला. "मागे एक गुंडाळी सापडली. उंदराने खाल्लेली. नुसती भोकंच भोकं. रिकाम्या पोत्यांबरोबर पिंपात जाळली."

"उंदराने!" व्हेल्डा म्हणाली. "रूलन, उंदीर वेल काढतो का रे? पानं मोजून खातो का?"

"मी नीट पाहिलं नाही."

"त्रेपन्न वर्षं तू काहीच नीट पाहिलेलं नाहीस."

"तुला पाहिलं होतं," रूलन म्हणाला. मी केक कापला.

व्हेल्डाने आठवणीने वेल काढून पाहिली होती. टेबलावर चार कागद पडले होते, आणि चारही कागदांवरची वेल कोबीसारखी दिसत होती. ज्या बाईचे टाके इंचाला दहा पडतात तिला सरळ रेघ ओढता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते टिपून ठेवलं.

"नऊ नातवंडांना वेल मिळाली," ती म्हणाली. "दहावीला काय देऊ? चौकड्या?"

तिचा आवाज जरा फाटला. तेव्हा रूलनने घसा खाकरला.

"आर्डिथकडे आहे," तो म्हणाला. "सगळी नाही. चौथा हिस्सा."

"काय?"

"आईच्या अंत्यविधीच्या दिवशी. तुम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवत होता. तिला ओव्हन पेटवायला घरी पाठवलं होतं. मी खुर्च्या न्यायला आलो तर आर्डिथ इथे खाली बसलेली. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर नमुना, आणि हातात माझी चामडं टोचायची आरी. टोचत होती."

"आणि तू काय केलंस?"

"खुर्च्या नेल्या."

"चौतीस वर्षं बोलला नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. पुढे तिने ते वहीच्या पानावर उतरवलं. जत्रेतल्या प्रदर्शनात लावलं होतं की. पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली."

व्हेल्डा माझ्याकडे वळली. "तू पाहिलं होतंस?"

पाहिलं होतं. कोपऱ्यात सोफ्रोनियाचा फोटो आणि भोवती फुगवट्यांची वेल. मला ती नेमकी कुठली वेल हेही कळलं होतं. पण कळलेलं सगळंच मी पोचवते असं नाही. मी म्हटलं, "तू त्या वर्षी लोणच्यांच्या टेबलाजवळ होतीस."

"तू जाऊन माग ना तिच्याकडे," व्हेल्डा म्हणाली.

"मी नाही जाणार. यात मला निरोप्या करू नकोस."

"आजवर कधी नाही म्हणालीस?"

हे तिने बरोबर मारलं. पण मी मागायला गेले नाही.

बुधवारी सकाळी वहीवाल्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि व्हेल्डा आत आली. हातात पीचची बाटली. माझ्यासकट सात बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. फक्त आर्डिथची टोचणी चालू राहिली, टुक, टुक, टुक.

"व्हेल्डा," मान वर न करता आर्डिथ म्हणाली, "वाट चुकलीस? गोधडीची खोली पलीकडे आहे."

"हॉलला किती खोल्या आहेत ते मला माहितीय. पीच आणलेत."

"आहेत माझ्याकडे."

"हे घट्ट पाकातले आहेत."

आर्डिथने बाटली घेतली, खिडकीच्या उजेडात धरून फिरवली. "दोन फोडी उलट्या बसल्यात," ती म्हणाली आणि बाटली आपल्या पिशवीत ठेवली.

व्हेल्डा उभीच. "शनिवारी ब्रिनलीचं लग्न आहे."

"पत्रिका आली. फ्रिजवर लावलीय."

"आईंचा नमुना गेला, आर्डिथ."

टोचणी थांबली. "गेला म्हणजे?"

"रूलनने जाळला. त्याला वाटलं, उंदराने खाल्लाय."

आर्डिथने टोचणी जपून गादीत खोचली. मग ओठ दाबले. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. चष्मा काढून, डोळे पुसून, टेबलावर हात आपटून हसत होती.

"आधी वाळवी, आता उंदीर!" ती म्हणाली. "माझ्यासारखी भोकं पाडणारी किती जनावरं पाळलीत गं घरात!"

वाळवी ऐकल्यावर व्हेल्डाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गोंदाच्या बाटलीचं झाकण घट्ट करायला घेतलं. पण तिच्याही तोंडाचा कोपरा सुटला. नाक लाल झालं, आणि मग खोलीतल्या सगळ्याच हसल्या. कशाला हसतोय हे निम्म्यांना माहीत नव्हतं.

आर्डिथने कपाटातून वही काढली आणि ते पान उघडलं. व्हेल्डा खाली वाकली. मग एक बोट पानावर ठेवून तिने वेल चाचपली, देठापासून टोकापर्यंत.

"पानं बरोबर आहेत," ती म्हणाली. "आणि आईंचा फोटो... मला हे दाखवलं नाहीस."

"जत्रेत तीन दिवस लावलं होतं. तू लोणची बघत होतीस. मी तुला बघत होते."

व्हेल्डाने पानावरून बोट गोल फिरवलं. मग ती म्हणाली, "चार वेळा फिरवून ठेवलं की पूर्ण कडं होईल."

"होईल. पण माझ्या पानावर दालचिनी चोळू देणार नाही. कागद पांढरा आहे, आणि वर आई आहे."

"नको गं. उतरवून घेऊ."

"घे की. बस. टोचणी ही घे."

"मी?"

"मग काय वाळवी आणू?"

व्हेल्डा बसली. आर्डिथने पान वहीतून सोडवलं, पालथं करून नव्या कागदावर ठेवलं, कडेला चार चिमटे लावले, खाली गादी सरकवली. जुन्या भोकातून टोक घालायचं, खालच्या कागदात नवीन भोक पाडायचं, आणि जुनं भोक मोठं करायचं नाही. ऐकायला सोपं.

"सरळ उभी धर. तिरपी गेली की भोक लांबट होतं."

"सरळच धरलीय."

"मग माझे डोळे तिरपे असतील. टोक गेलं की थांब, पुढे दाबू नकोस. मनगटाने नाही, वरून, सगळ्या हाताने. हं. गादीचा आवाज ऐक. टुक झालं की बाहेर."

"आईंसारखी बोलतेस."

"तिच्यासारखी मी फक्त बोलतेच," आर्डिथ म्हणाली.

चारशे बारा भोकं. मी मोजत होते. तीनशेच्या आसपास व्हेल्डाच्या बोटाला फोड आली, आणि आर्डिथने तिला न विचारता चिकटपट्टी लावली. काम संपल्यावर आर्डिथने नवा कागद खिडकीवर धरला. सगळ्या वेलीतून उजेड आला, तीन जागा सोडून.

"तीन गाळलीस."

"आणि हे एक जास्तीचं पडलंय," व्हेल्डा म्हणाली. वेलीच्या बाहेर, काही कारण नसताना, एक भोक. "ते कसं काढायचं?"

"कागदाचं भोक उसवता येत नाही, व्हेल्डा," आर्डिथ म्हणाली. "म्हणून तर मी कागदाकडे आले."

ती हे रागाने बोलली नाही, गोंद संपला असं सांगावं तसं बोलली. व्हेल्डाचे कान लाल झाले. मी वरच्या पंख्याची पाती मोजली. पाच होती.

गुरुवारी सकाळी व्हेल्डाच्या दिवाणखान्यात टेबलावर गोधडीचं पांढरं कापड पसरलं. आर्डिथ आली, गाजर घातलेली हिरवी जेली घेऊन. चौकट सोडल्यापासून त्या घरात ती नाताळ सोडून कधी आली, याचा आकडा माझ्याकडे शून्य आहे. व्हेल्डाने जुन्या मोज्यात दालचिनी बांधली आणि कागदावर थोपटली. कागद उचलला. खाली काहीच नाही. कापड कोरं.

"भोकं बारीक पडली," आर्डिथ घाबरून म्हणाली. "मीच पुढे दाबू नकोस म्हणाले..."

"भोकं चांगली आहेत." व्हेल्डाने खणातून पॉलिश पेपर काढला, कागद उलटा केला आणि मागचे फुगवटे घासायला सुरुवात केली.

"अगं, अगं! फुगवटे काय घासतेस? सगळा जीव त्यातच असतो!"

"तुझ्या वहीत असेल. इथे दारात उंबरा झालाय त्यांचा, पूड बाहेर पडेना. मला आईंनी हेच पहिलं शिकवलं."

"मला नाही शिकवलं."

"आता बघ ना मग."

आर्डिथने दातओठ खात पाहिलं. मोजा पुन्हा थोपटला, कागद उचलला, आणि कापडावर वेल होती. तपकिरी, नाजूक, दालचिनीचा वास येणारी. आम्ही तिघींनी श्वास सोडला तो बाजूला तोंड करून, पूड उडू नये म्हणून. कागद फिरवला, पुन्हा थोपटला. चार वेळा. कडं पूर्ण झालं.

तेवढ्यात ब्रिनली केसांना रोलर लावून, एका पायात लग्नाचा बूट घालून आली. टेबलाभोवती लंगडत फिरली.

"आजी, किती सुंदर! पण पाखरं चार का?"

सोफ्रोनियाच्या वेलीत एकच पाखरू होतं, एका बाजूला पानांत दडलेलं. आर्डिथच्या चौथ्या हिश्श्यात नेमकं तेच होतं. व्हेल्डा दोन दिवस पानं मोजत होती, आर्डिथ फुगवटे बघत होती, आणि मी भोकं मोजत होते. पाखरू आमच्यापैकी कोणी मोजलंच नाही.

रूलन दारातून डोकावला. "चार टर्की," तो समाधानाने म्हणाला.

"कबुतर आहे ते!" दोघी एकदम म्हणाल्या. नणंद-भावजयीचं एकमत झालेलं मी प्रथमच ऐकलं.

"तीन उडवता येतील," व्हेल्डा म्हणाली. "नुसती फुंकर मारायची." ती पहिल्या पाखरावर वाकली आणि तिने गाल फुगवले.

"त्या दिवशी वीस मिनिटं होती मला," आर्डिथ म्हणाली. ती कापडाकडे बघत होती. "चारांतला एकच भाग होणार होता. पाखरू होतं म्हणून हा घेतला. मारायची तर मार फुंकर. मी आपलं सांगितलं."

व्हेल्डाने गाल फुगवलेलेच ठेवले. मग मान वळवून सगळी हवा माझ्या अंगावर सोडली.

"राहू देत चारही," ती म्हणाली. "एकेकीने एक करायचं. मी, ब्रिनली, लुडीन." मग जरा थांबून, "आणि तू."

"मी टाके घालत नाही."

"घालायचीस."

"घालायची. मग ते कुठे जायचे?"

व्हेल्डाने सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्यापुढे धरली. आर्डिथने आधी दोऱ्याची गाठ तपासली, मग सुई घेतली.

दोन दिवस बारा बायका चौकटीला होत्या. जेवणाला रोज चीज घातलेले बटाटे, ज्यांना आमच्याकडे मयताचे बटाटे म्हणतात आणि लग्नालाही तेच करतात. आर्डिथ आपल्या पाखरावर वाकून बसली होती. मी तिरक्या डोळ्याने मोजलं. इंचाला पाच. चौतीस वर्षांत एक टाका वाढला नव्हता. ब्रिनलीचे चार, पण ती नवरी, तिला सगळं माफ.

शुक्रवारी चारला बायका भांडी उचलून गेल्या. आर्डिथही गेली. व्हेल्डाने पडदा ओढला. मी न सांगता थांबले, नेहमीसारखी. तिने खणातून छोटी कात्री काढली, चष्मा चढवला आणि सरळ आर्डिथच्या पाखराशी गेली. बोटाने टाके चाचपले. मी समोर दोरा धरून उभी.

"पाच," व्हेल्डा म्हणाली.

"पाच," मी म्हटलं.

ती तिथून सरकली. ब्रिनलीच्या पाखरावरून गेली. माझ्या पाखराशी थांबली आणि फूटपट्टी लावली. माझीच फूटपट्टी.

"लुडीन, तुझे सात पडलेत."

"सातच पडतात माझे."

"तू मला कायम नऊ सांगत आलीस." तिने कात्री माझ्या हातात दिली. "उसव."

"आणि आर्डिथचे?"

"त्यांत काय वाईट आहे? पाखराला पिसं जाड असतात." ती खिडकीकडे गेली. "तू बस उसवत. तुला सवय आहे."

मी बसले. दुसऱ्याचे टाके उसवणं फार सोपं असतं, एवढं सांगते. स्वतःचे दोरे कापडातून निघता निघत नाहीत. मी अर्ध्या पंखापर्यंत आले होते तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि आर्डिथ आत आली. जेलीचं भांडं राहिलं म्हणाली. तळाला तिच्या नावाची पट्टी लावलेलं ते भांडं तिने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरात ठेवलेलं मी पाहिलं होतं. विसरायची ती बाई नाही.

ती दारातच थांबली. पडदा ओढलेला, चौकटीवर वाकलेली मी, हातात कात्री. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. मग ती दोन पावलं पुढे आली. आधी तिने आपलं पाखरू पाहिलं. टाका न् टाका जागेवर होता. मग माझं पाखरू पाहिलं. पंखच नव्हता.

"काय गं लुडीन," आर्डिथ म्हणाली, "इंचाला किती पडले?"

आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी असलेली व्हेल्डा इतकी हसली की पडदा तिच्या हातात आला. उतरत्या दुपारचा उजेड आत पडला आणि गोधडीवरच्या वेलीचे सगळे टाके, दहावाले आणि पाचवाले, फुगवट्यांसारखे उठून दिसले. आर्डिथने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि सुईसाठी हात पुढे केला.

"सरक," ती म्हणाली. "पंख मी घालते. जाड येईल, पण येईल."

व्हेल्डा पीचची बाटली उघडायला स्वयंपाकघरात गेली. भोकं पाडलेला तो कागद, दालचिनीने माखलेला, फुगवटे घासलेला, एक भोक जास्तीचं असलेला, टेबलावरच होता. आर्डिथ म्हणाली तो तिला वहीत लावायला हवाय. आतून व्हेल्डा ओरडली, लाव, पण ते जास्तीचं भोक माझं आहे, त्याच्याखाली तसं लिही.

माझं पाखरू शेवटी इंचाला सहा झालं. मी ते टिपून ठेवलंय.